माया आटली आहे, की मी थकले आहे?

वाचकाचे पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात):

‘मी कारागृहाच्या महिला विभागात शिपाई आहे. नोकरीला अकरा वर्षे झाली. ड्यूटी ठाणे जिल्ह्यात, घर नवी मुंबईत. यजमान खासगी कंपनीत आहेत. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला सासूबाई सांभाळतात. सुरुवातीची काही वर्षे मला हे काम आवडायचे. नव्याने आलेली एखादी बाई रात्रभर रडत बसली, तर मी तिच्यापाशी दोन मिनिटे थांबायचे. आमच्याकडे आईबरोबर आत राहणारी लहान मुलेही असतात, ती मला मावशी म्हणतात. गेल्या वर्षभरात मात्र कुणी रडले की मला फक्त चीड येते. परवा एक दीड-दोन वर्षांचे पोर माझ्या पायाला बिलगले आणि मी त्याला झटकून बाजूला केले. त्याची आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. घरी आले तरी कान बराकीतच असतात. मुलाचे दप्तर मी झडती घेतल्यासारखे तपासते, असे यजमान म्हणतात. माणसे कमी असल्यामुळे साप्ताहिक सुट्टी कधी रद्द होईल याचा नेम नसतो आणि रात्रपाळीनंतर झोप लागत नाही. वरिष्ठांशी बोलले तेव्हा त्यांनी “मन घट्ट करा” एवढेच सांगितले. मध्यंतरी ताणतणावावर एक दिवसाचे व्याख्यान झाले, त्याला मी रात्रपाळी करून बसले होते. यजमान योग करायला सांगतात. घराचे कर्ज आहे, त्यामुळे नोकरी सोडणे सोपे नाही. बरोबरच्या बायका हेच काम करतात, त्यांना काही होत नाही. मी मुळातच कच्च्या मनाची आहे का? की माझी मायाच आटली?’

उत्तर:

ताई, तुमच्या शेवटच्या दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर नकारार्थी आहे. माया खरोखरच आटलेली असती, तर एका परक्या मुलाला झटकल्याची बोच तुम्हाला लागली नसती आणि हे पत्रही लिहिले गेले नसते. बरोबरच्या बायकांना काही होत नाही असे तुम्हाला वाटते, पण तुमच्याकडे पाहून त्यांनाही बहुधा तसेच वाटत असेल, कारण गणवेशात उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याची झोप किंवा त्याचे घर कुणाला वाचता येत नाही.

तुम्ही ज्या अवस्थेचे वर्णन केले आहे, तिला बर्नआउट म्हणतात. १९८१ मध्ये ख्रिस्तिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ती मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात: मन रिते होणे, ज्यांच्याशी रोज काम पडते त्या माणसांविषयी कोरडेपणा येणे, आणि आपल्या हातून काही चांगले घडते आहे ही जाणीव कमी होत जाणे. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. त्यांतली दुसरी सर्वांत फसवी असते. शीण आला तर माणूस कामाला बोल लावतो, पण कोरडेपणा आला की तो स्वतःच्या स्वभावाला दोष देऊ लागतो, आणि तुम्ही नेमके तेच केले आहे. हा कोरडेपणा म्हणजे रित्या झालेल्या मनाने स्वतःला वाचवण्यासाठी धरलेला आडोसा असतो. समोरची व्यक्ती माणूस म्हणून दिसलीच नाही, तर तिच्यासाठी काही वाटून घेण्याचे कष्टही पडत नाहीत.

मास्लाक यांचा कारागृहाच्या विषयाशी एक जुना संबंध आहे. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवून एक प्रयोग सुरू झाला होता. तेथील वागणूक पाहून मास्लाक यांनी तीव्र आक्षेप घेतला आणि दोन आठवड्यांसाठी योजलेला तो प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला. त्या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली आहे, तेव्हा पहाऱ्यावरचा माणूस निर्दय होतोच असा निष्कर्ष त्यावरून कुणी काढू नये. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुमच्या खात्याविषयी बाहेर असा समज असतो आणि तुम्हीही तो नकळत स्वतःला लावून घेत आहात असे मला वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ चाललेला ताण नीट हाताळला गेला नाही तर त्यातून निर्माण होणारी स्थिती, अशी त्याची व्याख्या आहे. तुमच्या वरिष्ठांनी ही व्याख्या वाचली असती, तर मन घट्ट करण्याचा सल्ला देण्याआधी त्यांनी ड्यूटीचा तक्ता पाहिला असता.

आता तुमच्या कामाकडे पाहू. कारागृहात शिपायाकडून एकाच वेळी दोन परस्परविरोधी गोष्टी मागितल्या जातात. एक, समोरच्या व्यक्तीवर कधीही पूर्ण विश्वास ठेवू नये, तिच्या कपड्यांची, अन्नाची, सामानाची झडती घ्यावी आणि गिनती चुकू देऊ नये. दुसरी, त्याच व्यक्तीचे दुखणे ओळखावे, ती स्वतःला काही करून घेणार नाही याकडे लक्ष ठेवावे आणि तिला माणुसकीने वागवावे. कारागृह कर्मचाऱ्यांवर अनेक देशांत जे अभ्यास झाले आहेत, त्यांत धोक्याची सततची जाणीव आणि वरिष्ठांचा आधार नसणे यांच्याबरोबरच ही भूमिकांची ओढाताणही बर्नआउटशी पुन्हा पुन्हा जोडलेली आढळते. मुलाचे दप्तर तुम्ही झडती घेतल्यासारखे तपासता, कारण पहिली भूमिका पाळी संपल्यावरही अंगावरून उतरत नाही. तो तुमच्या कामाच्या सवयीचा परिणाम आहे. त्यातून तुम्ही मुलावर संशय घेता असा अर्थ घरच्यांनी काढू नये, हे यजमानांना एकदा शांतपणे समजावून सांगा.

शिवाय या कामात यश दिसत नाही. काही घडले नाही, म्हणजे पाळी चांगली गेली. शिक्षिकेला निकाल दिसतो, परिचारिकेला बरा होऊन घरी जाणारा रुग्ण दिसतो. तुमच्या चांगल्या रात्रीची नोंद मात्र कुठेही राहत नाही, आणि जी रात्र बिघडते तिचा मेमो निघतो. आपल्या देशातील कारागृहांत दर चार बंद्यांपैकी साधारण तीन न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेले, असतात. तुमच्या विभागातल्या अशा बायका कधी येतील, कधी जामिनावर जातील, हे तुमच्या हातात नसते आणि बाहेर गेल्यावर त्यांचे काय झाले हेही तुम्हाला कळत नाही. अकरा वर्षे असे काम केल्यावर ‘माझ्या हातून काय झाले?’ या प्रश्नाला मनाकडे उत्तर उरत नाही.

समाजाकडूनही ते मिळत नाही. ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाच्या तटाजवळून रोज हजारो माणसे जातात. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला तो किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला हे काहींना ठाऊक असते. १९ एप्रिल १९१० रोजी तेथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली, हे त्याहून जास्त जणांना माहीत असते. पण त्या भिंतीआड आज पाळी कोण करत आहे, याचा विचार क्वचितच कुणी करत असेल. पोलिसांना शिव्याही मिळतात आणि सलामही मिळतो. कारागृहाच्या शिपायाला बहुतेक वेळा दोन्ही मिळत नाही.

तुमच्या यजमानांनी सुचवलेला योग आणि वरिष्ठांनी सुचवलेले घट्ट मन, या दोन्हींच्या मागे एकच कल्पना आहे: माणसाच्या अंगी बळ असले की ताण झेपतो. ही कल्पना चुकीची नाही, अपुरी आहे. २००१ मध्ये युरोपातील काही संशोधकांनी असे मांडले की बर्नआउट समजून घेण्यासाठी कामाच्या मागण्या आणि काम करताना हाताशी असलेली संसाधने ही दोन्ही पारडी पाहावी लागतात. पुढे २००७ मध्ये या मांडणीत वैयक्तिक संसाधनांचीही भर पडली, आणि त्यांत प्रामुख्याने तीन गोष्टी धरल्या गेल्या: हे मला जमेल हा विश्वास, या संस्थेत माझी काही किंमत आहे ही भावना, आणि पुढे बरे होईल ही आशा. त्या संशोधनातला सर्वांत महत्त्वाचा भाग व्याख्यानांत सहसा सांगितला जात नाही, तो असा की ही संसाधने बऱ्याच अंशी कामाच्या ठिकाणच्या वागणुकीतूनच तयार होतात. वरिष्ठांचा आधार, कामातली थोडी मोकळीक आणि शिकण्याची संधी मिळाली की माणसाचा स्वतःवरचा विश्वास वाढतो. रजा वारंवार नाकारली गेली आणि कौतुक कधीच झाले नाही, तर तोच विश्वास खचतो. म्हणून एखादे कार्यालय कर्मचाऱ्यांच्या मनोबलाविषयी भरभरून बोलते आणि ड्यूटीच्या तक्त्याविषयी मौन पाळते, तेव्हा मला त्या बोलण्याचा संशय येतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत दर सहा बंद्यांमागे एक पहारा कर्मचारी असावा असे म्हटले आहे आणि आठ तासांच्या तीन पाळ्यांचे धोरण सांगितले आहे. तुमच्या विभागात हे प्रमाण किती आहे, याचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. त्यात जी तूट निघेल, ती तुमच्या प्राणायामाने भरून निघणारी नाही.

स्टीव्हन हॉबफॉल यांनी १९८९ मध्ये मांडलेला एक विचारही तुम्हाला उपयोगी पडेल. संसाधने जाऊ लागली की एका नुकसानीतून दुसरे होते, आणि ज्याच्याकडे शिल्लक कमी, त्याचे नुकसान अधिक वेगाने होते. झोप गेली की राग येतो; रागामुळे घरात दुरावा येतो; दुरावा आला की जी सासूबाईंची आणि यजमानांची साथ तुम्हाला धरून ठेवत होती, तीही सुटते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की सध्या नवे काही सुरू करण्याआधी गळती थांबवायला हवी. योग अवश्य करा, परंतु त्यासाठी झोपेचे तास कापू नका. पहाटेच्या वर्गाला पोहोचण्यासाठी रात्रपाळीवरून आलेल्या बाईने जागे राहणे हा मला शुद्ध अन्याय वाटतो.

म्हणून सुरुवात झोपेपासून करू. रात्रपाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी घेऊ नका, कारण तिचा अंमल कित्येक तास राहतो. सकाळी सुटल्यावर बाजारहाट करत रेंगाळू नका. सकाळचा उजेड जितका जास्त डोळ्यांत जाईल, तितका झोप लागायला उशीर होतो. थेट घरी जा, हलके काही खा आणि जाड पडदा लावून झोपा. सासूबाईंना हे नीट सांगितले पाहिजे की त्या पाच-सहा तासांत फोन, दार आणि पाहुणे यांसाठी तुम्ही घरी नाही असेच समजावे. कित्येक घरांत दिवसा झोपलेली सून हा टिंगलीचा किंवा कुरकुरीचा विषय असतो. तुमच्या घरात तसे असेल तर ते बोलण्याचे काम तुमच्याऐवजी यजमानांनी करावे. त्यांना मदतच करायची आहे, तर योग सुचवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल. पाळ्या बदलताना सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला तुलनेने सोपा जातो, हेही तक्ता बनवणाऱ्या सुभेदारांच्या कानावर घाला. त्यासाठी जादा माणूस लागत नाही.

आता त्या मुलाविषयी. झाली ती गोष्ट क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. तुमच्यासमोर जी माणसे आहेत, त्यांना तुमच्यापासून दूर जाण्याची मुभा नाही, म्हणून तुमच्या थकव्याची किंमत सर्वांत आधी ती मोजतात. तुमच्या मनाची काळजी घेणे हा त्या अर्थाने तुमच्या ड्यूटीचाही भाग आहे. त्या आईची रीतसर माफी मागायला मी सांगत नाही, कारण तिथल्या शिस्तीत ते तुम्हालाही जड जाईल आणि तिलाही कदाचित बुचकळ्यात टाकेल. पुढच्या पाळीला तिला एवढेच विचारा, की बाळ कसे आहे, काल जेवले का. तिला त्याचा अर्थ कळेल.

त्याचबरोबर त्या मुलांची मावशी होण्याचे ओझे थोडे हलके करा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात दिलेल्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल आईबरोबर कारागृहात राहू शकते, आणि अशा मुलांसाठी पाळणाघर व बालवाडीची सोय असावी असेही त्या निकालात सांगितले आहे. म्हणजे त्या मुलांचे संगोपन तुमच्या वैयक्तिक मायेवर चालावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. तुमच्याकडून अपेक्षा आहे ती सभ्य, न चिडता केलेल्या वागणुकीची. प्रत्येक मुलासाठी आतून हेलावून जाणे अकरा वर्षे कुणालाच जमत नाही. मूल बिलगले तर त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला आईकडे सोपवणे, एवढे मात्र मन कोरडे असलेल्या दिवशीही जमू शकते. अशा छोट्या, ठरवून केलेल्या कृती साधल्या की ‘हे मला जमते’ हा विश्वास हळूहळू परत येतो. त्याच कारणासाठी पाळी संपताना एका वहीत एक ओळ लिहा: आज माझ्यामुळे काय नीट पार पडले. मुलाखतीच्या, म्हणजे नातेवाइकांच्या भेटीच्या, रांगेतले भांडण वाढले नाही, तापाने फणफणलेली बाई वेळेत दवाखान्यात गेली, असे काहीही. त्यात कुणाचे नाव लिहू नका आणि वही घरीच ठेवा. कार्यालय जी नोंद ठेवत नाही, ती निदान तुमच्याकडे राहील.

वरिष्ठांशी तुम्ही तोंडी बोललात. तोंडी बोलण्याला ‘मन घट्ट करा’ हे उत्तर देता येते. लेखी अर्जावर काहीतरी शेरा मारावा लागतो. एक पानाचा अर्ज लिहा. त्यात सेवेची वर्षे, गेल्या तीन महिन्यांत रद्द झालेल्या साप्ताहिक सुट्ट्यांच्या तारखा आणि सलग केलेल्या रात्रपाळ्या एवढेच मांडा. ‘मी खचले आहे’ असे वाक्य घालू नका, कुणाचे नाव घेऊन तक्रार करू नका, आणि मागणी एकच ठेवा: काही महिन्यांसाठी बराकीऐवजी मुलाखत कक्ष, मुख्य दरवाजा किंवा कार्यालय अशा ठिकाणी ड्यूटी मिळावी. एकच मागणी मान्य करणे सोपे असते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. याशिवाय राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते. ती हक्क म्हणून हवी तेव्हा घेता येत नाही, मंजूर करून घ्यावी लागते. तरी तुमच्या खाती ती किती शिल्लक आहे हे आस्थापना शाखेत विचारा आणि मुलाच्या परीक्षेचा किंवा सुट्टीचा काळ धरून मागा.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. बर्नआउट आणि नैराश्य यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. ड्यूटी नसलेल्या दिवशी मुलाबरोबर थोडे तरी हसू येत असेल, तर ते चांगले चिन्ह आहे. पण घरी-दारी कुठेच काही गोड लागत नसेल, सतत रडू येत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर थेट मनोविकारतज्ज्ञांना भेटले पाहिजे. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन यांच्या तपासण्याही करून घ्या. बायकांच्या शिणाला घरचे लोक ‘टेन्शन’ म्हणतात आणि रक्त तपासायचे राहून जाते. ठाण्यात १९०१ पासून चालत आलेल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यातच सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्थाही आहे. पाळीमुळे कुठे जाणे जमत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य बोलता येते. कार्यालयात कळेल आणि गोपनीय अहवालावर परिणाम होईल ही भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असणार. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने उपचारांविषयीची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. उपचार खात्याबाहेर घेतले, तर ते कुणाला सांगायचे हे तुम्हीच ठरवाल. वैद्यकीय रजा मागायची झाली, तर प्रमाणपत्रात किती आणि कसे लिहावे हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. झोप उडालेल्या अवस्थेत तो विचार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कारण अशा वेळी सुटका हेच एक उत्तर दिसते आणि कर्जाचा हप्ता आठवला की तेही बंद होते. झोप थोडी सावरली, ड्यूटीची जागा काही महिन्यांसाठी बदलली आणि तरीही मुख्य दरवाजातून आत जाताना छातीत धडधडत असेल, माणसे नकोशीच वाटत असतील, तर मग यजमानांबरोबर बसून कर्ज, निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी सेवा, बदली आणि इतर खात्यांतील संधी यांचा हिशेब मांडा. तेव्हा सोडण्याचा निर्णय झाला, तर त्यात पळपुटेपणा काही नसेल. तूर्त राजीनाम्याचा मसुदा बाजूला ठेवा आणि ड्यूटी बदलण्याचा अर्ज याच आठवड्यात द्या.